खोगिराखालची पाठ

१

दिवाळीच्या सुट्टीत माथेरानला जाणारी गर्दी दस्तुरी नाक्यावर गाडीतून उतरते, तेव्हा समोर उभे असलेले घोडे वर्षातले सर्वांत देखणे असतात. पावसाळ्याचे चार महिने काम जवळजवळ बंद असते. बरेच घोडे खाली नेरळ-कर्जतच्या बाजूला उतरलेले असतात आणि हिरवा चारा मुबलक मिळालेला असतो. पोट गोल, पुठ्ठे भरलेले, केसांना चकाकी, बरगडी कुठे दिसत नाही. "घोडे छान ठेवलेत हो," असे म्हणून पर्यटक निर्धास्तपणे रिकिबीत पाय घालतो. तेच घोडे मे महिन्यात पाहावेत. सहा-सात महिने चढउताराची वाट तुडवून पोट आत गेलेले, कातडीखाली बरगड्यांच्या पुसट रेषा. आता तोच पर्यटक म्हणतो, "मुक्या जनावराला उपाशी ठेवलंय."

या लेखात मला असे म्हणायचे आहे, की हे दोन्ही निकाल बरेचदा उलटे असतात. दिवाळीतला घोडा चरबीने भरलेला पण पाठीच्या स्नायूंनी रिता असू शकतो. मे महिन्यातला घोडा चरबीने उतरलेला पण पाठीने भक्कम असू शकतो. चरबी आणि स्नायू या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक खाण्याने येते, दुसरा खाणे आणि योग्य काम या दोहोंनी येतो. आपली भाषा मात्र दोन्हींना 'अंगाने भरणे' असे एकच नाव देते, आणि मग डोळाही तेवढेच पाहतो.

ही चूक मी स्वतः केलेली आहे, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करतो. सुमारे पंधरा वर्षांपूर्वी, मे महिन्यात, मी माथेरानला एक कुमैत घोडा पाहिला. माथेरानच्या ऑलिंपिया मैदानावर उन्हाळ्यात घोड्यांच्या शर्यती होत आल्या आहेत. हा घोडा त्यासाठी तयार केलेला होता. त्याच्या बरगड्या दिसत होत्या. त्याचे मालक माझ्या वडिलांच्या वयाचे. पर्यटकांसमोर मी त्यांना चार शब्द सुनावले, आणि घरी येऊन एका वृत्तपत्राच्या वाचकपत्रांत लिहिलेही. नाव दिले नव्हते. पण वर्णन असे केले होते की गावात कुणालाही ओळखू यावे. शेजारच्या एका गुबगुबीत पांढऱ्या घोड्याची त्याच पत्रात मी स्तुती केली होती. त्या हंगामात कुमैताचे गिऱ्हाईक तुटले, हे मला नंतर कळले.

पुढच्या खेपेला मी त्यांना भेटायला गेलो. "काका, माझं चुकलं असेल तर सांगा," म्हणालो. ते काही बोलले नाहीत. त्यांनी कुमैताचा तंग सोडला, खोगीर उतरवले आणि माझा हात धरून त्याच्या पाठीवर ठेवला. मग पांढऱ्या घोड्याच्या मालकाला हाक मारून त्याचेही खोगीर काढायला लावले. पांढऱ्याच्या खांद्यामागे दोन्ही बाजूंना मूठ बसेल असे खळगे होते आणि कण्याचे हाड बोटांना लागत होते. काका एवढेच म्हणाले, "साहेब, तुम्ही पोट बघितलंत. खोगीर काढायला सांगितलं नाहीत."

मी पशुवैद्य नाही. त्या दिवसापासून मात्र मिळेल ते वाचत आणि मिळेल त्या घोड्याच्या पाठीवर हात ठेवत आलो आहे. पुढची मांडणी त्यातून झालेली आहे.

२

इंग्रजी अश्वविद्येत 'टॉपलाइन' असा शब्द आहे. दोन कानांच्या मागून निघून मानेवरून, खांद्यांमधल्या उंचवट्यावरून, पाठ, कंबर आणि पुठ्ठे ओलांडून शेपटीच्या मुळापर्यंत जाणारी घोड्याची वरची रेषा म्हणजे टॉपलाइन. मी तिला पाठरेषा म्हणेन. ही रेषा हाडांमुळे ठरते तितकीच तिच्या दोन्ही बाजूंच्या स्नायूंमुळे ठरते. हाडे बदलत नाहीत, स्नायू बदलतात.

घोड्याच्या छातीच्या भागात अठरा मणके असतात आणि कंबरेत सहा. खोगीर बसते ते छातीच्या मणक्यांवर, शेवटच्या बरगडीच्या अलीकडे. कण्याच्या दोन्ही बाजूंनी लाँगिसिमस हा लांबलचक स्नायू जातो आणि त्याच्या आत, मणक्यांना अगदी चिकटून, मल्टिफिडस नावाचे छोटे छोटे स्नायू असतात. लाँगिसिमस पाठ हलवतो. मल्टिफिडस एकेक मणका जागेवर धरून ठेवतो. खोगिराचा पुढचा भाग ट्रॅपेझियस या पातळ स्नायूवर येतो. अरुंद खोगीर सर्वांत आधी त्यालाच चेपते, आणि खांद्यामागचे खळगे तिथेच पडतात.

आणखी एक गोष्ट आपण सहसा लक्षात घेत नाही. घोड्याला माणसासारखे गळपट्टीचे हाड नसते. त्याचे पुढचे पाय धडाला सांध्याने जोडलेले नसून स्नायूंनी जोडलेले असतात. दोन खांद्यांच्या पात्यांमध्ये छातीचा पिंजरा झोळीत ठेवल्यासारखा असतो. ही झोळी सैल पडली की धड खाली बसते, पाठ पोकळ होते आणि मान वर जाते. डच शास्त्रज्ञ स्लाइपर यांनी १९४६मध्ये पाठीच्या रचनेला धनुष्याची उपमा दिली होती: कणा हे धनुष्य आणि पोटाचे स्नायू ही त्याची दोरी. दोरी ताणलेली असेल तरच धनुष्य वर उचललेले राहते. म्हणजे पाठरेषा नीट असण्यासाठी पोटाचे स्नायूही कामातले लागतात. लोंबते पोट आणि खचलेली पाठ अनेकदा एकाच घोड्यात दिसतात त्याचे हे एक कारण.

३

आपल्याकडे घोड्याची परीक्षा करण्याची जुनी परंपरा आहे. घोड्याच्या वैद्याला आपण साळोत्री म्हणतो, ते शालिहोत्राच्या नावावरून. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेत अश्वलक्षणावर स्वतंत्र अध्याय आहे. बाराव्या शतकात कल्याणीच्या सोमेश्वर चालुक्याने मानसोल्लासात घोड्यांच्या खेळाला एक विनोद म्हणून जागा दिली. या परंपरेचा मोठा भाग अंगावरच्या केसांच्या भोवऱ्यांनी व्यापलेला आहे. कोणता भोवरा कुठे असला की शुभ, कुठे असला की अशुभ, याचे तपशीलवार नियम आहेत. ही दृष्टी ग्रंथातच राहिलेली नाही. नंदुरबार जिल्ह्यातल्या सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा बाजार भरतो, तिथे आजही देवमन, जयमंगल अशा खुणा पाहून भाव वरखाली होतो.

अंधश्रद्धा म्हणून ही परंपरा झटकून टाकणे सोपे आहे, पण ते अन्यायाचे होईल. बृहत्संहितेच्या त्याच अध्यायात रुंद कंबर आणि रुंद छाती हे चांगल्या घोड्याचे लक्षण सांगितले आहे, आणि कंबरेच्या रुंदीचे महत्त्व पुढे मोजमापानेही दिसले. त्याबद्दल खाली येईलच. माझा आक्षेप वेगळा आहे. भोवरा जन्माला येतो तो मरेपर्यंत तसाच राहतो. रंग आणि पायांचा पांढरेपणाही तसाच. या खुणा एकदा पाहिल्या की संपले. पाठ मात्र महिन्या-दीड महिन्यात बदलते. भोवऱ्यांची परीक्षा ही विकत घेणाऱ्याची परीक्षा आहे आणि पाठीची परीक्षा राखणाऱ्याची. आपल्या परंपरेत पहिलीचे शास्त्र झाले. दुसरी मोतद्दाराच्या हातात राहिली, खरारा करताना रोज होत राहिली, पण लिहिली फारशी गेली नाही. काकांनी माझा हात धरून जे दाखवले ते या दुसऱ्या, न लिहिलेल्या शास्त्रातले होते.

ग्रीकांमध्ये झेनोफोन हा घोडदळाचा अनुभव असलेला लेखक होऊन गेला. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात त्याने घोडेस्वारीवर एक छोटी पुस्तिका लिहिली. तीत त्याने एकेरी पाठ आणि दुहेरी पाठ असा भेद केला आहे. दुहेरी पाठ म्हणजे कण्याच्या दोन्ही बाजूंना मांस उचललेले, मधे कणा पन्हळीत असल्यासारखा. अशी पाठ बसायला मऊ आणि दिसायलाही चांगली, असे तो सांगतो. तो स्वार होता, म्हणून घोड्याकडे त्याने स्वाराच्या बैठकीतून पाहिले. ही पन्हळ लक्षात ठेवावी, कारण पुढे तिच्यामुळेच घोटाळा होतो.

४

आज जगभर घोड्याची प्रकृती मोजण्यासाठी जी मोजपट्टी वापरतात ती १९८३ सालची आहे. टेक्ससमधल्या डॉन हेनेक यांनी ती तयार केली. मान, खांद्यांमधला उंचवटा, खांद्यामागचा भाग, बरगड्या, कंबर आणि शेपटीचे मूळ अशा सहा जागा पाहून आणि चाचपून १ ते ९ असा गुण द्यायचा. १ म्हणजे हाडांचा सापळा, ९ म्हणजे अतिलठ्ठ. ५ गुणांच्या घोड्याची पाठ सपाट असते, बरगड्या दिसत नाहीत पण हाताला सहज लागतात. ४ गुणांच्या घोड्यात कण्याची किंचित धार आणि बरगड्यांची पुसट रेषा दिसते. ही मोजपट्टी उपयोगी आहे आणि तिने असंख्य जनावरांची उपासमार उघडकीला आणली आहे, हे आधी मान्य केले पाहिजे.

पण ती कशासाठी केली होती? पैदाशीच्या घोड्यांसाठी. घोडीच्या अंगावर किती चरबी असली म्हणजे ती नीट गाभण राहते, हा तो प्रश्न होता. म्हणून ती चरबी मोजते. तिच्याकडून स्नायूंचा जाब मागणे हे तराजूने उंची मोजण्यासारखे आहे.

घोटाळा कुठे होतो ते पाहा. या मोजपट्टीत पाठीवर पन्हळ दिसू लागली की गुण वाढतो, कारण ती चरबीची पन्हळ मानली जाते. झेनोफोनची पन्हळ स्नायूंची होती. दोन्ही डोळ्यांना सारख्याच दिसतात, पण हाताला नाहीत. चरबी मऊ, भुसभुशीत लागते, बोटांखाली सरकते. कामातला स्नायू ताठ पण लवचीक लागतो, दाबला की उसळून येतो. उलट बाजूने, पाठीचे स्नायू झिजले की कण्याची धार वर येते आणि घोडा 'बारीक' ठरतो. मग मालक कोंडा, गूळ, खुराक वाढवतो. चरबी मान, बरगड्या आणि शेपटीच्या मुळाशी चढते, धार तशीच राहते, घोडा पोटाने सुटतो आणि पाठीने तसाच राहतो. दुखणे स्नायूंचे आणि औषध चरबीचे, असा हा प्रकार आहे.

गेल्या काही वर्षांत जाणकार चरबीचा गुण आणि स्नायूचा गुण वेगळा नोंदवू लागले आहेत. माझ्या मते हाच मार्ग बरोबर आहे. एका घोड्याला दोन गुण: एक बरगडीचा, एक पाठीचा.

५

मग शर्यतीच्या किंवा स्पर्धेच्या घोड्याची आदर्श पाठ कशी असावी? या प्रश्नाचे एकच उत्तर नाही, आणि एकच उत्तर शोधणे ही दुसरी चूक आहे.

महालक्ष्मीच्या धावपट्टीवरचा तयार घोडा अंगाने चपटा, लांब स्नायूंचा, पुठ्ठ्यांत जोरकस असतो. शेवटच्या एकदोन बरगड्या दिसल्या तर त्यात गैर काही नाही. लांब पल्ल्याच्या शर्यतीतला घोडा त्याहून सडपातळ. ड्रेसाजमधला, म्हणजे आखीव चालींच्या स्पर्धेतला घोडा मात्र मानेच्या वरच्या बाजूने आणि पाठीने भरदार. २०२३च्या हांगझो आशियाई स्पर्धेत भारताच्या चमूने ड्रेसाजचे सांघिक सुवर्णपदक मिळवले. १९८२च्या दिल्ली स्पर्धेनंतर अश्वारोहणातले ते पहिले सुवर्ण. चमूत मुंबईचा हृदय छेडाही होता. त्या वेळी आपल्याकडे अनेकांनी पहिल्यांदाच असे घोडे पडद्यावर पाहिले आणि घोडा असाच असावा असे त्यांना वाटले. पण माथेरानच्या घोड्याला तशी मान यावी अशी अपेक्षा करणे म्हणजे मॅरेथॉन धावणाऱ्याने मल्लासारखे दिसावे असे म्हणणे.

त्या भरदार मानेतही खरे-खोटे असते. ड्रेसाजच्या नियमानुसार मानेचा सर्वांत उंच बिंदू कानांमागे हवा आणि नाक उभ्या रेषेच्या किंचित पुढे. लगाम खेचून हनुवटी छातीला टेकवली तरी मान कमानदार दिसते. पण तेव्हा उंच बिंदू मानेच्या मधोमध सरकतो आणि पाठ मागे पोकळ राहते. जबरदस्तीने असे करण्याला आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१०मध्ये अमान्य ठरवले. मान पुढून ओढून वळवता येते. पाठ मागच्या पायांच्या कामानेच भरते.

आपल्या डोळ्याला कमानदार मानेची सवय लागली ती मात्र ड्रेसाजच्या आधीच, पुतळ्यांमुळे. आमच्या रायगड जिल्ह्यातल्या सासवण्याचे शिल्पकार वि. पां. करमरकर यांनी पुण्यात १९२८ साली उभा राहिलेला शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा घडवला. त्यानंतर महाराष्ट्राच्या चौकाचौकांत अश्वारूढ पुतळे उभे राहिले. करमरकरांच्या कामाविषयी मला आदरच आहे. पण पुतळ्याचा प्रेक्षक खाली उभा राहून वर पाहतो. त्याला छाती दिसते, मान दिसते, उचललेला पाय दिसतो. अश्वारूढ पुतळ्यात घोड्याचा एकच भाग कधीच दिसत नाही: खोगिराखालची पाठ. जी जागा स्वाराला उचलून धरते, तीच कलेत आणि व्यवहारात झाकलेली राहते. पुतळ्यात हे साहजिक आहे, पण घोड्याचा कस पाहतानाही आपण चौथऱ्याखालीच उभे राहतो.

इथे एक सावधगिरी. बरगड्या दिसणारा प्रत्येक घोडा 'फिट' असतो असे माझे म्हणणे मुळीच नाही. अमेरिकेत टेव्हिस कप नावाची शंभर मैलांची डोंगरी शर्यत असते. तिच्यातल्या घोड्यांचा १९९०च्या दशकात अभ्यास झाला, तेव्हा फार बारीक घोडे ऊर्जा संपून बाद होताना दिसले. बेताची चरबी असलेले शर्यत पुरी करत होते. उपास हा उपासच. बारीक घोड्याची पाठ आणि पुठ्ठेही बसलेले असतील, डोळा निस्तेज असेल, तर तो भुकेला किंवा आजारी आहे, दात झिजले आहेत किंवा पोटात जंत आहेत. बारीक असूनही पाठ भरीव, पुठ्ठे गोल आणि चाल मोकळी असेल, तर तो कामातला घोडा आहे. म्हणूनच दोन गुण वेगळे हवेत.

६

आता पुन्हा दिवाळीकडे वळू.

कर्जत-खालापूरला घोड्याचा इतिहास परका नाही. खालापूर तालुक्यातले चौक हे नेताजी पालकरांचे गाव म्हणून ओळखले जाते. शिवाजी महाराजांच्या घोडदळाचे ते सरनोबत. त्या घोडदळाची व्यवस्था सभासद बखरीत वर्णिली आहे. पंचवीस घोड्यांमागे एक पखाली आणि एक नालबंद. पावसाळ्यात लष्कर छावणीला परत यायचे, घोड्यांना दाणा, वैरण आणि औषधे तयार ठेवलेली असायची, आणि दसऱ्याला लष्कर बाहेर पडायचे. आठ महिने मुलुखगिरी, चार महिने विश्रांती. त्या दख्खनी घोड्यांपैकी भीमथडीची आता कुठे स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय पातळीवर नोंद झाली आहे. तो अंगाने लहान, काटक घोडा.

माथेरानचा हंगामही याच घड्याळावर चालतो, पण एक फरक आहे. दसऱ्याला निघालेले लष्कर पहिल्याच दिवशी वर्षातले सर्वांत मोठे ओझे उचलत नव्हते. मजल दरमजल करत घोडा कामात यायचा. माथेरानात मात्र दिवाळीची सुट्टी दसऱ्यानंतर वीस-एकवीस दिवसांत येते आणि गर्दीचा पहिला लोंढा तोच असतो. काम थांबले की स्नायू घटतात, आणि चारा भरपूर असला की चरबी वाढते. म्हणजे घोडा सर्वांत देखणा दिसतो त्याच आठवड्यात त्याची पाठ सर्वांत कमकुवत असते आणि तिच्यावर सर्वांत जास्त वजन येते. खोगीरही मे महिन्यातल्या पाठीवर बसलेले असते. दिवाळीतल्या पाठीचा आकार वेगळा असतो.

त्या भेटीनंतर काकांच्या परवानगीने मी कुमैताच्या पाठीचे कागद ठेवले. पद्धत साधी आहे आणि खोगीर बनवणारेही ती वापरतात. वाकवली की तशीच राहणारी जाड तार खांद्यामागे पाठीवर आडवी दाबायची आणि तिचा आकार पुठ्ठ्यावर उतरवून घ्यायचा. मे महिन्यातली रेषा रुंद कमानीसारखी होती. ऑक्टोबरची रेषा छपराच्या उतारासारखी. त्याच काळात छातीचा घेर फितीवर वाढलेला होता. फीत म्हणत होती घोडा भरला, तार म्हणत होती घोडा उतरला. दोन्ही खरे होते.

वजनाचाही हिशेब करू. वजनकाटा नसेल तर १९८८मध्ये ऑस्ट्रेलियात मांडलेले एक सूत्र चालते: छातीचा घेर गुणिले घेर गुणिले अंगाची लांबी, सगळे सेंटिमीटरमध्ये, भागिले ११,८८०. समजा घेर १५० आणि लांबी १४०. वजन येते सुमारे २६५ किलो. ओहायोमध्ये २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात घोड्यांवर त्यांच्या वजनाच्या १५, २०, २५ आणि ३० टक्के भार ठेवून काम करून घेतले. पंचवीस टक्क्यांपासून स्नायूंचे दुखणे ठळक दिसू लागले, आणि कंबरेने रुंद असलेल्या घोड्यांना ते कमी झाले. वराहमिहिराची रुंद कंबर इथे पुन्हा भेटते. आपल्या २६५ किलोच्या घोड्याला वीस टक्के म्हणजे खोगिरासकट ५३ किलो. पंचावन्न किलोची व्यक्ती आणि आठ किलोचा साज म्हणजे जवळजवळ चोवीस टक्के झाले. शिवाय त्या २६५ किलोंत पावसाळ्यात चढलेली चरबीही आली, आणि चरबी ओझे उचलत नाही, तीच एक ओझे असते. जाडा झालेला घोडा सूत्रात जास्त भार पेलणारा ठरतो, प्रत्यक्षात कमी पेलतो.

७

उपाय अवघड नाहीत, महाग मात्र आहेत, आणि त्यांचा खर्च आज एकट्या घोडेवाल्यावर पडतो.

पहिला उपाय काम. भाकरी का करपली, पान का सडले, घोडा का अडला, या जुन्या कोड्याचे उत्तर आपल्याला पाठ आहे: न फिरवल्यामुळे. ते अर्धे खरे आहे. कसे फिरवले यावरही सारे अवलंबून असते. दिवाळीच्या सहा आठवडे आधीपासून स्वार न घेता चढावर संथ चालवणे, मान खाली आणि मोकळी ठेवून. मग हलके ओझे, मग पूर्ण. पुढून लगाम ओढत नेलेला घोडा मान वर करतो आणि पाठ पोकळ करतो. तसे तासभर चालवण्यापेक्षा मान सोडून वीस मिनिटे चालवलेले बरे. शिवाय गाजर दाखवून घोड्याला मान छातीकडे, कुशीकडे आणि पुढच्या पायांमध्ये वळवायला लावण्याचे साधे व्यायाम आहेत. २०११मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आठवड्यातून पाच दिवस असे तीन महिने केल्यावर मल्टिफिडस स्नायू जाड झालेले दिसले, तेही त्या काळात स्वारी बंद असताना. गाजर आणि वेळ एवढाच खर्च, म्हणून पावसाळ्यात गोठ्यात उभ्या घोड्यालाही हे करता येते.

दुसरा उपाय चारा. कर्जत हा भाताचा मुलूख; इथल्या संशोधन केंद्राने काढलेल्या भाताच्या जाती कोकणभर गेल्या. साहजिकच पेंढा स्वस्त आणि हाताशी. पण पेंढ्याने पोट भरते, स्नायू भरत नाहीत. त्यात प्रथिने फार कमी. स्नायूसाठी प्रथिने लागतात, आणि त्यातही लायसिन हा घटक. पाचशे किलोच्या, काम नसलेल्या घोड्यालाही रोज सुमारे ६३० ग्रॅम प्रथिने आणि २७ ग्रॅम लायसिन लागते, असे अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेचे २००७चे कोष्टक सांगते. तोबऱ्यात नुसता गव्हाचा कोंडा वाढवणे हा उपाय नव्हे. कोंड्यात फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम कमी, ते प्रमाण बिघडले की हाडांवर येते. लसूणघास, भिजवलेला हरभरा, थोडी सोयापेंड ही खरी स्नायूंची सामग्री.

तिसरा उपाय नोंद. घोड्यांची तपासणी कोणीही करो, पशुवैद्य, नगरपालिका किंवा एखादी प्राणिमित्र संस्था, ती खोगीर उतरवून व्हावी आणि कागदावर दोन गुण पडावेत. हंगामाच्या सुरुवातीला एकदा आणि शेवटी एकदा. तसे झाले तर बारीक दिसणाऱ्या पण सक्षम घोड्याच्या मालकावर कुणी माझ्यासारखा शिंतोडे उडवणार नाही, आणि गोल पोटाआड झिजलेली पाठ लपणार नाही.

यात घोडेवाल्याला बोल लावणे सोपे आहे. चार महिने उत्पन्न नाही, चारा विकत, आणि दिवाळीच्या आठ दिवसांत वर्षाची घडी बसवायची. त्याला सहा आठवडे बिनपैशाचे चालवा असे सांगताना आपणही काही सोसले पाहिजे. निदान एवढे करता येईल: दिवाळीतल्या फेरीला मे महिन्यापेक्षा वजनाची मर्यादा कमी असावी आणि दर जास्त. घोड्याची पाठ परत येईपर्यंतचा खर्च बसणाऱ्याने द्यावा.

या दिवाळीत जे वाचक माथेरानला जातील त्यांना माझी विनंती आहे. घोड्यावर बसण्याआधी खोगीर क्षणभर उचलायला सांगा. खांद्यामागे हात ठेवा. खळगा लागला, कण्याची धार बोटांत आली, किंवा हात ठेवताच घोड्याने पाठ खाली दाबली, तर बसू नका. आपले सामान घोड्यावर ठेवा, भाडे पूर्ण द्या आणि त्याच्याबरोबर चालत जा. दस्तुरीपासून बाजारापर्यंतची वाट सुमारे अडीच किलोमीटरची आहे. काकांचा कुमैत आता नाही. त्याच्या पाठीचे दोन पुठ्ठे माझ्या कपाटात आहेत, मे आणि ऑक्टोबर अशा तारखा घातलेले. कुणी पाहायला मागितले की मी आधी ऑक्टोबरचा काढतो.